म्हसवडची आरोळी

"डबा आत जाणार नाही, मावशी," गेटवरची मुलगी म्हणाली.

"अगं, लाडू हायेत नुसते." आईने स्टीलच्या डब्याचं झाकण उघडून दाखवलं. शेंगदाण्याच्या लाडवांचा वास त्या पर्फ्यूम मारलेल्या रांगेत पसरला. मागची दोन पोरं हसली.

"बाहेरचं खाणं चालत नाही. बाळाचं असेल तर चालतं."

"बाळाचंच हाय."

मुलीने माझ्या पोटाशी बांधलेल्या अन्वीकडे पाहिलं. "हिला दात तरी आलेत का?"

"हिच्यासाठी न्हाई. दुसऱ्या बाळासाठी."

"दुसरं कुठंय?"

"यील," आई म्हणाली आणि डबा टेबलावर ठेवून आत चालू लागली. "झाकण नीट लावून ठेव गं. मुंग्या लागत्यात."

दुसरं बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ धनराज. इंजिनियरिंग सोडून, घर सोडून, फोन बंद करून गेलेला. त्याला आम्ही दोन वर्षं पाहिलं नव्हतं.

खरं तर 'कच्चा रस्ता' हा बँड आधी माझा. मी पुण्याला हॉस्टेलवर राहून बी.कॉम. करत होते, तेव्हा चार पोरांनी तो सुरू केला होता. मराठीत असं कुणी गात नाही म्हणून आम्ही मैत्रिणी वेड्यासारख्या जायचो. दहावीची परीक्षा झाल्यावर धनू माझ्याकडे आला होता, तेव्हा त्यालाही घेऊन गेले. त्या बँडची एक रीत होती. शेवटच्या गाण्याआधी सगळे दिवे लावायचे आणि हर्षल, म्हणजे त्यांचा गाणारा, विचारायचा, "रस्ता कुठनं कुठनं आलाय?" मग लोक आपापल्या गावाचं नाव ओरडायचे. जे कानावर पडेल ते गाव तो माइकवर म्हणायचा आणि त्या गावाच्या नावाने ड्रमवर एक ठोका पडायचा. पोरं याला 'गावं घेणं' म्हणायची. कुणी पुणं-मुंबई ओरडलं तर हुर्यो. गाव लहान पाहिजे.

मी कधीच ओरडले नव्हते. मला लाज वाटायची. पण धनू सगळ्यांचं होईपर्यंत थांबला, मैदान गप्प झालं तेव्हा त्याने तोंडाला हात लावले आणि आमच्या गावच्या माळावर शेळ्या हाकताना देतात तशी लांब आरोळी ठोकली. "म्हसवऽऽऽड."

हर्षल हसला होता. "आलं का म्हसवड? मग चला आता." आणि गाणं सुरू.

तेव्हापासून धनू मिळेल त्या गाडीने त्यांच्या कार्यक्रमांना जायला लागला. त्याची आरोळी शेवटचीच असायची, आणि ती आल्याशिवाय हर्षल गाणं उचलायचा नाही. पुढे त्याचे विषय राहिले, वर्ष गेलं, मग दुसरंही गेलं. एकदा अण्णा, आमचे वडील, गिरणीत दळणाला आलेल्या बायकांसमोर त्याला म्हणाले, "ज्या गावाचं नाव ओरडत फिरतोस, त्या गावात मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस."  धनूने जात्याखालचं पीठ भरून दिलं, हात धुतले, आणि संध्याकाळच्या एस.टी.त बसून गेला. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, आपल्या पायाने गेलाय. मी बँडच्या पानावर त्याचा फोटो टाकून विचारलं होतं, तर त्यांच्याकडून एक लाल बदाम आणि पुढच्या कार्यक्रमाच्या तिकिटाची लिंक आली.

मग बँडने जाहीर केलं की आता पुरे. शेवटचा दौरा. कोल्हापूर, संभाजीनगर, नाशिक आणि समारोपाला पुणं. नाशिकचा एक व्हिडिओ मामेभावाने अण्णांना पाठवला. कुणीतरी गर्दीतून फोन उंच धरून काढलेला, हलणारा. गावं घेऊन होतात, हर्षल थांबतो, आणि दूरवरून कुणीतरी ओरडतं, "म्हसवऽऽऽड."

तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. अण्णांनी फोन कानाला चिकटवून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकला. आयुष्यभर पिठाची गिरणी चालवून त्यांच्या कानांचं वाटोळं झालं होतं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे शेजाऱ्यांशी बोलल्यासारखंच. "धनूच हाय," ते म्हणाले. "जित्ता हाय पोरगा." त्यांनी फोन आईकडे दिला. आईने ऐकलं. "बघ, हाय का न्हाई?" अण्णा ओरडले. आईने मान हलवली आणि कणीक मळायला उठून गेली. मी हेडफोन लावून ऐकलं. एका शब्दाएवढा आवाज, त्यात शिट्ट्या, त्यात कुणाचं तरी हसणं. अण्णांचा चेहरा समोर होता. "असू शकेल," मी म्हणाले.

पुण्याच्या कार्यक्रमाला अण्णा आले नाहीत. "मी दिसलो तर पळंल त्यो. तुम्ही दोघी जा," म्हणाले. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः ओट्याशी उभं राहून लाडवांसाठी गूळ किसून दिला होता, असं आई सांगत होती. आई सकाळच्या गाडीने पुण्याला माझ्या घरी आली. मंगेशची, माझ्या नवऱ्याची, चाकणला दुसरी पाळी होती. अन्वी अजून अंगावर पीत होती, तिला ठेवायचं कुणाकडे? म्हणून मग अशी वरात: नऊवारीतली आई, आवाज लागू नये म्हणून कानांवर गुलाबी मफ लावलेली अन्वी, आणि मी.

कार्यक्रम नदीकाठच्या एका लग्नाच्या लॉनवर होता. दुपार कलली होती. कमानीवर प्लास्टरचे दोन हत्ती सोंड उंचावून उभे, आणि त्यांच्यामध्ये बँडचा काळा पडदा.

"लग्नाचंच हाय की," आई म्हणाली. तिला जरा बरं वाटलं.

मी आल्याआल्या सगळं बघून घेतलं. बाहेर जायची वाट कुठे, अँब्युलन्स कुठे, स्पीकरच्या भिंती किती लांब. अन्वी झाल्यापासून मला कुठेही गेलं की आधी हेच दिसायचं. अगदी मागे, हात धुवायच्या नळांजवळ आईसाठी प्लास्टिकची खुर्ची मांडली. तिथे आवाज कमी होता. तिथून सगळ्या पाठी दिसत होत्या, पण चेहरे नाहीत. म्हणून मी अन्वीला आईकडे देऊन कडेकडेने पुढे जायचे, चेहरे बघायचे, परत यायचे.

"त्याला दाढी असेल आता," मी आईला म्हणाले.

"बघ तू."

"बारीक झाला असेल."

"बघ की."

धनू चालताना डावा पाय किंचित ओढायचा, लहानपणी गिरणीच्या पायरीवरून पडला होता तो. मी चेहऱ्यांआधी पाय बघत होते. एक जण तसाच चालताना दिसला, त्याच्या मागे शौचालयाच्या रांगेपर्यंत गेले. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता, एवढंच.

बँड मंचावर आला तेव्हा सगळीकडे एकच गलका झाला. पहिलंच गाणं माझं होतं, म्हणजे मी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून ऐकायचे ते. शब्द सगळे पाठ. माझ्या शेजारच्या दोघी मुली गळ्यात गळे घालून रडत गात होत्या. मला ते गाणं ऐकूच येत नव्हतं. हर्षलने ओळ सोडली, की लोक ओळ उचलायचे आणि तेवढ्यात मला एखादी मान धनूसारखी दिसायची. ज्या बँडसाठी मी एकेकाळी परीक्षेच्या आदल्या दिवशी तिकिटाच्या रांगेत उभी राहिले, त्यांच्याकडे त्या संध्याकाळी मी नीट एकदाही पाहिलं नाही.

"हे गातायत का भांडतायत?" मी परत आले तेव्हा आईने विचारलं.

"गातायत."

"धनूला ह्यात काय सापडायचं काय की."

"मलाही सापडायचं, आई."

"तुझं ठीक हाय. तू पास व्हायचीस."

तेवढ्यात नळांच्या पलीकडून एक तान्हं मूल रडायला लागलं. कुणीतरी आपल्यासारखंच बाळ घेऊन आलं होतं. मी मंचाच्या उजवीकडची गर्दी बघत होते, तशीच बघत राहिले. अन्वी त्या वेळी माझ्या मागे, आईच्या मांडीवर होती. आईने माझ्याकडे पाहिलं, त्या मुलाच्या दिशेने पाहिलं, आणि अन्वीचे मफ नीट केले.

"मान वळवली न्हाईस तू," ती म्हणाली.

"कशाला?"

"काही न्हाई."

उन्हं उतरली. हर्षलने घाम पुसला, सगळ्यांचे आभार मानले, त्याचा आवाज बसला होता. "शेवटचंच आहे आता," तो म्हणाला आणि लॉनवरचे सगळे दिवे लागले. लग्नात जेवणाच्या पंगतीला लागतात तसे, पिवळे, भगभगीत. 

"रस्ता कुठनं कुठनं आलाय?"

"लोणंद." ठोका.

"माजलगाव." ठोका.

"सिन्नर." "अकोट." "गुहागर." कुणीतरी "कोथरूड" म्हणालं आणि हुर्यो झाली. गावं संपत आली, मधल्या जागा वाढत गेल्या. मग सगळं शांत झालं. हर्षलने एक हात कानामागे लावला.

"एक राहिलं ना?"

लोक हसले. सगळ्यांना माहीत होतं.  आईचा हात माझ्या मनगटावर आला होता. तिने तो केव्हा ठेवला कळलं नाही.

"म्हसवऽऽऽड."

उजवीकडून. स्पीकरच्या भिंतीच्या जवळून.

मी आईकडे न बघता धावले. मागून ठोका पडला, "आलं का म्हसवड? मग चला," हर्षल म्हणाला आणि गिटार सुरू झाल्या. सगळं लॉन उड्या मारायला लागलं. मी कोपरं मारत, पाय तुडवत, "सरका, सरका" करत चालले होते. कुणी हसत मलाही खांद्याला धरून नाचवायला बघत होतं. "म्हसवड कोण ओरडलं?" मी प्रत्येकाला विचारत होते. एका मुलीने बोट केलं. काळा टी-शर्ट, मानेवर बांधलेले केस. उंची तेवढीच. मी मागून त्याचा शर्ट मुठीत धरला.

"धनू."

तो वळला. विशीतला गोल चेहऱ्याचा मुलगा, चष्मा, कपाळावर घाम. हसत होता. माझा चेहरा बघून थांबला.

"काय झालं, ताई?"

"म्हसवड तू ओरडलास?"

"हो."

"तू म्हसवडचा?"

"नाही हो. मी भुसावळचा." त्याला वाटलं मी म्हसवडची आहे म्हणून खूश झालेय. "तुम्ही म्हसवडच्या आहात का? अरे, ह्या खरंच..." तो मित्रांना सांगायला लागला, "ह्या खऱ्या म्हसवडच्या आहेत." मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

"मग तू का ओरडलास?"

"कुणीतरी ओरडायला पाहिजे ना. नाहीतर हर्षल शेवटचं गाणं घेत नाही. तशी पद्धतच आहे." तो माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगत होता. "पूर्वी एक जण होता, तो ओरडायचा. ओरिजिनल. मी नाही बघितला त्याला. तो यायचा बंद झाला, मग आम्ही कुणी ना कुणी ओरडतो."

"नाशिकला?"

"नाशिकला अद्वैत. हा काय, हा." अद्वैत नावाच्या लांबट मुलाने हात हलवला.

"आणि तो? आधीचा?"

"कोण?"

"ओरिजिनल. तो कुठे असतो?"

त्याने खांदे उडवले. वाईट हेतू नव्हता त्याचा. "असेल की म्हसवडला."

मग तो पुन्हा नाचायला लागला. शेवटचं गाणं होतं, त्याचा तरी काय दोष. मी तिथेच उभी राहिले. धनूच्या गावाचं नाव घेतलं गेलं होतं, धनूची वेळ पाळली गेली होती, आणि धनूची कुणाला गरज पडली नव्हती. गाणं संपलं. चौघांनी हातात हात घेऊन वाकून नमस्कार केला. लोक रडत होते, कागदाचे तुकडे उडत होते. मी कार्यक्रमातली एकमेव बाई असेन जी त्या वेळी एका वाक्याची जुळवाजुळव करत होती. आई, गर्दीत हातातून सुटला. आई, पाठमोरा दिसला, तब्येत बरी वाटली.

आई खुर्चीतच होती. अन्वी तिच्या पदराखाली झोपली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. तोंड उघडायच्या आत ती म्हणाली,

"दुसराच हुता न्हवं?"

मी तिच्या पदराखालच्या अन्वीकडे पाहिलं.

"बस. लई धावलीस."

दुसरी खुर्ची नव्हती. मी तिच्या पायाशी गवतावर बसले. "आई, तुला कसं कळलं?"

"मघाशी ते लेकरू रडलं. तू मान तरी वळवलीस का?"

"ते आपलं नव्हतं."

"तुला न बघता कळलं. सहा-सात म्हैन्यांची आई तू." तिने अन्वीच्या डोक्यावरून हात फिरवला. "मी चोवीस वर्सांची हाय त्याची."

"मग नाशिकचा?"

"त्यो तर अजिबातच न्हवता. धनूचा 'स' दाबून येतो. लहानपनापासनं."

"पहिल्यांदा ऐकलास तेव्हाच कळलं?"

"तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस? लाडू केलेस, इथवर आलीस..."

"गूळ कोण किसून देत हुतं?" आई म्हणाली. "त्या दिवसापासनं तुझे अण्णा जेवायला लागल्यात. त्याआधी ताटावर नुसते बसायचे. गिरणीत बाया इच्यारायच्या, धनूचं काय कळलं का, तर दाराला आतनं कडी लावून जातं चालवायचे. आता सोताहून सांगत्यात, नाशकात हुता." तिने अन्वीवरचा पदर सारखा केला. "आणि तू म्हणालीस, असू शकंल. मला वाटलं, तुला तरी तसं वाटू दे. अंगावर पाजतीस."

मला तिला सांगायचं होतं की मी अण्णांकडे बघून तसं म्हणाले. नाही सांगितलं.

"मग तुला काय वाटतं, आई? तो..."

"मला काय वाटतं ते मला इच्यारू नकोस," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही. "ऊठ. डबा घ्यायचाय."

गेटवर गर्दी होती. आम्ही कमानीच्या हत्तीखाली उभ्या राहिलो आणि लोकांना जाऊ दिलं. मी तेव्हाही प्रत्येकाचे पाय बघत होते. आई बघत नव्हती. गेटवरच्या मुलीने डबा दिला. "आलं का दुसरं बाळ?" तिने हसत विचारलं. आईनेही हसून डबा घेतला.

तेवढ्यात तो भुसावळचा पोरगा मित्रांसोबत आला. मला बघून त्या मुलाने हात केला. "बाय, म्हसवड."

"ह्योच का?" आईने विचारलं. मी मान हलवली. "इकडं ये रं बाळा."

तो आला. आईने त्याच्यासमोर डबा उघडला. त्याने एक लाडू घेतला, आईने आणखी एक हातावर ठेवला, मग अद्वैतला, मग उरलेल्या दोघांना. ती पोरं भुकेली होती. उभ्या उभ्या खात राहिली.

"भारी आहेत, मावशी."

"सावकाश खा. घशात बसतो दाण्याचा." आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. डबा रिकामा होईपर्यंत तिने झाकण लावलं नाही.

ती मुलं गेली आणि फोन वाजला. अण्णा. बोलताना ते इतके ओरडत की स्पीकर लावायची गरज नसे.

"झालं का? ओरडला का?"

"ओरडला की," आईही ओरडून म्हणाली. रस्त्यावरच्या लोकांनी वळून पाहिलं. "म्हसवड म्हणूनच ओरडला."

"गाठ पडली?"

"गर्दी लई हुती."

"लाडू?"

"दिलं."

"खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं. माझ्याम्होरं खाल्लं."

 मला वाटलं फोन कट झाला. मग अण्णा म्हणाले, "बरं," आणि इतक्या हळू म्हणाले की मी त्यांना तसं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

 रिक्षात अन्वीला पाजताना माझ्या लक्षात आलं की मी तिच्या कानांवरचे मफ काढलेच नव्हते. आईने ते काढले, घडी करून रिकाम्या डब्यात ठेवले, आणि झाकण दाबून लावलं.

अन्वी आता दुसरीत आहे. धनूचा पत्ता नाही. 'कच्चा रस्ता' पुन्हा कधी उभा राहिला नाही, त्यामुळे कुठून कुणाची आरोळी ऐकू यायचाही प्रश्न उरला नाही. गिरणी अण्णांनी भाड्याने दिली. सुट्टीत मी माहेरी जाते तेव्हा रोज संध्याकाळी ते ओसरीवर बसतात आणि नाशिकचा तो व्हिडिओ लावतात. फोन कानाला लावूनही आता त्यांना फारसं येत नाही. गावं होतात, ठोके पडतात, हर्षल थांबतो.

आत आई भाकरी थापत असते. भाकरी तव्यावर टाकून ती पिठाच्या हातानेच बाहेर येते, अण्णांच्या हातातला फोन घेते, आणि आवाज वाढवून देते.